दोन भाषा येतात? दुभाषी आणि मुख्य दुभाषी: काम, जबाबदारी, शिक्षण आणि सुरुवात

‘परवा’ हा साधा शब्द घ्या. ‘तो परवा आला’ म्हणजे दोन दिवसांपूर्वी आला आणि ‘तो परवा येईल’ म्हणजे दोन दिवसांनी येईल. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. पण कोर्टात साक्षीदाराला विचारलं, ‘हे कधी झालं?’ आणि तो नुसतं ‘परवा’ म्हणाला, तर दुसऱ्या भाषेत सांगणाऱ्याला मागचा दिवस की पुढचा, हे ठरवावं लागतं. ‘त्यानं त्याला मारलं’ हे वाक्य तर त्याहून अवघड. मारलं म्हणजे दोन थपडा दिल्या की जीव घेतला? मराठीत दोन्ही अर्थ होतात. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द लागतात, आणि कायद्यात दोन वेगळी कलमं. एका शब्दावर माणूस जामिनावर घरी जातो किंवा वर्षानुवर्षं आत राहतो.

हा शब्द जो सांभाळतो, तो दुभाषी. आणि चार-सहा दुभाष्यांच्या कामाची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते, तो मुख्य दुभाषी. आपल्या भागातल्या कितीतरी पोरापोरींना घरची एक भाषा, शाळेची मराठी, शिवाय हिंदी अशा दोन-तीन भाषा येतात. त्याचं काम होऊ शकतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून ही माहिती.

दुभाषी आणि भाषांतरकार यांत फरक काय?

भाषांतरकार कागदावर काम करतो. त्याला शब्दकोश उघडता येतो, चुकलं तर खोडता येतं, उद्या पुन्हा वाचता येतं. दुभाषी तोंडी काम करतो. माणूस समोर बोलत असतो आणि तिथल्या तिथं ते दुसऱ्या भाषेत सांगायचं असतं. एकदा बोललेला शब्द परत घेता येत नाही. म्हणून चांगला भाषांतरकार चांगला दुभाषी असेलच असं नाही, आणि उलटही तसंच.

काम करायच्या पद्धती साधारण चार:

१) थांबून सांगणं: बोलणारा दोन-चार वाक्यं बोलतो, थांबतो, मग दुभाषी सांगतो. कोर्ट, पोलीस ठाणं आणि दवाखान्यात हीच पद्धत चालते. यात वही-पेन हे मोठं हत्यार. नावं, तारखा, आकडे लगेच टिपून घ्यावे लागतात.

२) सोबत सांगणं: बोलणारा थांबत नाही. दुभाषी काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसतो आणि दोन-तीन शब्द मागं राहून बोलत जातो. संसद आणि मोठ्या परिषदांत ही पद्धत असते.

३) कानात सांगणं: एकाच माणसाला भाषा कळत नसेल तर त्याच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगायचं.

४) कागद वाचून सांगणं: एका भाषेतला कागद हातात घेऊन दुसऱ्या भाषेत मोठ्यानं वाचायचा. नोटीस, जबाब, ऑपरेशनचं संमतिपत्र अशा वेळी हे लागतं.

मुख्य दुभाष्याकडं वेगळं काय असतं?

मुख्य दुभाषी स्वतः दुभाषीच असतो, पण त्याचं अर्धं काम तोंड उघडण्याआधीच झालेलं असतं. कुठल्या कामाला कोण बसेल, हे तो ठरवतो. नुसती भाषा जुळून चालत नाही, बोलीही जुळावी लागते. धडगावच्या भिलीत आणि दुसऱ्या पट्ट्यातल्या भिलीत फरक पडतो. बाईचा नाजूक जबाब असेल तर बाई दुभाषी द्यायची, आरोपीच्या किंवा फिर्यादीच्या भावकीतला माणूस द्यायचा नाही, हेही तोच बघतो.

दुसरं काम शब्दसूचीचं. काम जमिनीच्या वादाचं असेल तर सातबारा, फेरफार, वहिवाट, कूळ, गहाणखत हे शब्द दुसऱ्या भाषेत काय म्हणून सांगायचे, हे आधी ठरवून सगळ्या दुभाष्यांना एकच यादी देतो. सकाळचा दुभाषी ‘वहिवाट’साठी एक शब्द वापरतो आणि दुपारचा दुसरा, असं झालं तर ऐकणाऱ्याला वाटतं साक्षीदारानं जबाब बदलला. साक्षीदार बिचारा एकच बोलत असतो.

तिसरं काम पाळ्या लावायचं. सोबत सांगायच्या पद्धतीत एक माणूस सलग फार वेळ टिकत नाही. ऐकणं, समजणं आणि बोलणं एकाच वेळी चालल्यानं डोकं थकतं आणि चुका वाढतात. म्हणून एका खोलीत दोघं बसतात आणि साधारण २० ते ३० मिनिटांनी बदलतात. जो गप्प आहे तोही मोकळा नसतो. तो आकडे, नावं लिहून जोडीदारापुढं सरकवत असतो.

चौथं काम चूक पकडायचं. काम चालू असताना तो ऐकत असतो. चूक झाली तर ती तिथंच, सगळ्यांदेखत दुरुस्त करायला लावतो. संध्याकाळी सगळ्यांना बसवून कुठं अडखळलं ते विचारतो आणि शब्दसूचीत भर घालतो. आणि बाहेरून तक्रार आली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा एकच दुभाषी असतो. तिथं ही सगळी कामं त्या एकट्यावर येतात. म्हणजे पद नसलं तरी मुख्य दुभाषी तोच.

जुना धंदा

दुभाषी हा काही आजचा शोध नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांचं दुभाष्याचं काम नारायण शेणवी करत होते. दोन सत्तांमधला तह या माणसाच्या जिभेवरून पुढं सरकत होता.

आजच्या पद्धतीची घडी मात्र बसली ती जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात. दुसरं महायुद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ या काळात तिथं नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत कामकाज व्हायचं. प्रत्येक वाक्य थांबून तीन भाषांत सांगायचं म्हटलं असतं तर खटला कितीतरी लांबला असता. म्हणून १२-१२ दुभाष्यांच्या तीन तुकड्या केल्या. एक तुकडी कोर्टात बोलायची, दुसरी शेजारच्या खोलीत ऐकत तयार राहायची, तिसरीला त्या दिवशी सुट्टी. तुकडीवर एक देखरेख करणारा असायचा. बोलणारा फार भरभर बोलू लागला की पिवळा दिवा लागायचा, म्हणजे हळू बोला. लाल दिवा लागला की थांबा. दुभाषी अडला तर न्यायाधीशांनाही थांबावं लागायचं. आजच्या मुख्य दुभाष्याचं काम या देखरेख करणाऱ्याच्या खुर्चीतूनच आलं आहे.

कोर्टात कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ३१४ नुसार, आरोपीला कळत नाही अशा भाषेत साक्ष होत असेल आणि आरोपी कोर्टात हजर असेल, तर ती साक्ष भर कोर्टात त्याला कळणाऱ्या भाषेत सांगितली गेलीच पाहिजे. कलम ३१७ नुसार दुभाष्यावर खरा अर्थ सांगायचं बंधन आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही २७९ आणि २८२ या कलमांत हेच होतं.

साक्षीदाराला जशी शपथ घ्यावी लागते तशी दुभाष्यालाही घ्यावी लागते. १९६९ च्या शपथ कायद्यात तसं आहे. आणि शपथ घेऊन मुद्दाम चुकीचा अर्थ सांगितला तर ती खोटी साक्ष धरतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्ये खोट्या साक्षीची उदाहरणं दिली आहेत, त्यात दुभाष्याचं उदाहरण सरळ लिहिलेलं आहे. कोर्टाच्या कामात खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘आपल्या गावचा आहे, थोडं सांभाळून सांग’ असा आग्रह होतो, त्यानं हे लक्षात ठेवावं.

जो साक्षीदार बोलू शकत नाही, त्याच्यासाठी कोर्टानं दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या जबाबाचं व्हिडिओ चित्रण करायचं, असं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. खुणांची भाषा येणाऱ्या दुभाष्याची गरज इथं पडते.

महाराष्ट्रात गरज कुठं आहे?

आपल्या राज्यात खालच्या कोर्टाची भाषा मराठी आणि उच्च न्यायालयाची इंग्रजी. पण माणसं काही सगळी मराठी बोलत नाहीत. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावात भिली आणि पावरी, मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीत माडिया आणि गोंडी. सिरोंच्यात तेलुगू, अक्कलकोट-जतला कन्नड, तांड्यावर गोरमाटी. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली बोलणारे एक कोटीच्या वर, गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आणि कोरकू बोलणारे ७ लाखांच्या वर नोंदले गेले.

मराठी येणाऱ्याला या भाषा अंदाजानं कळतील, हा गैरसमज आहे. भिली गुजराती-मराठीच्या जवळची. गोंडी मात्र तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातली. आणि कोरकू तर संथाळी-मुंडारीच्या कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. त्यामुळं ‘थोडंफार समजतं’ म्हणणारा माणूस दुभाषी म्हणून उभा करणं धोक्याचं.

माडिया माणसाची साक्ष कोर्टात झाली की ती मराठीत लिहिली जाते. अपील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडं गेलं की मराठीचं इंग्रजी होतं. मूळ माडिया शब्द बहुतेक वेळा कागदावर राहत नाही. पहिल्या दुभाष्यानं ‘ढकललं’च्या जागी ‘मारलं’ सांगितलं असेल, तर वरच्या कोर्टातल्या मोठ्यातल्या मोठ्या वकिलालाही ते दिसणार नाही. साखळीतली पहिली कडी तालुक्यात आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची.

लहान मुलांच्या खटल्यात: जिल्ह्याची नोंदवही

ही माहिती गावागावांत पोचायला हवी. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलाला जबाबाची भाषा कळत नसेल तर त्याला दुभाषी द्यायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. २०२० च्या पोक्सो नियमांतल्या नियम ५ नुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षानं दुभाषी, भाषांतरकार, विशेष शिक्षक यांची नावं, पत्ते आणि फोन असलेली नोंदवही ठेवायची असते. पोलीस आणि कोर्टाला गरज पडली की त्यातून माणूस बोलवायचा.

या नोंदवहीत यायला पदवी लागते का? बोली भाषेच्या दुभाष्याला नाही. मुलाची भाषा आणि राज्याची भाषा दोन्ही कामापुरत्या चांगल्या यायला हव्यात. ती भाषा मातृभाषा असेल, किंवा निदान प्राथमिक शाळेपर्यंत त्या माध्यमात शिक्षण झालं असेल, किंवा नोकरी-धंद्यामुळं वा त्या भागात राहून ती आली असेल, तरी चालतं. खुणांच्या भाषेच्या दुभाष्याला मात्र मान्यताप्राप्त संस्थेची पात्रता लागते.

मोबदला राज्य सरकारनं ठरवायचा असतो. पण तो किमान वेतन कायद्यातल्या कुशल कामगाराच्या दरापेक्षा कमी असू नये, असं नियमात आहे. म्हणजे हे काम फुकटचं किंवा उपकाराचं धरलेलं नाही.

अत्याचार झालेलं दहा वर्षांचं कोरकू पोर अनोळखी खोलीत बसलेलं असतं. समोरचा मराठीत विचारतो. पोर मान हलवतं. त्या मान हलवण्याचा अर्थ ‘हो’ की ‘कळलं नाही’, हे त्याच्या भाषेतला माणूसच सांगू शकतो. तो माणूस नोंदवहीत नसेल तर ऐनवेळी कुणालाही आणून बसवलं जातं.

दवाखान्यात

आपण दवाखान्यात कसं बोलतो ते आठवा. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा. ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणजे हात बधिर होतो. ‘दिवस गेलेत’ म्हणजे बाई गरोदर आहे. ‘अंगावर जातं’ हे तर बाई कुजबुजून सांगते. बाहेरच्या राज्यातून आलेल्या डॉक्टरला हे शब्दाला शब्द लावून सांगितलं तर त्याला वारा आणि मुंग्याच ऐकू येतील. दुभाष्यानं अर्थ सांगायचा असतो. पण रोगाचं नाव स्वतःच्या मनानं द्यायचं नसतं, ते डॉक्टरचं काम.

चूक किती महाग पडते याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात आणलं. घरचे क्यूबाचे, स्पॅनिश बोलणारे. ते ‘इंटॉक्सिकादो’ म्हणाले, म्हणजे त्यांच्या बोलीत खाण्यातून काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी त्याचा अर्थ नशेची औषधं घेतली असा धरला. प्रशिक्षित दुभाषी बोलावलाच नाही, कारण आपल्याला कळलं असं सगळ्यांनाच वाटलं. मेंदूतला रक्तस्राव ध्यानात यायला उशीर झाला. मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला आणि भरपाई सुमारे ७ कोटी डॉलरवर गेली.

आपल्याकडं दवाखान्यात दुभाष्याचं काम बहुतेक वेळा आशाताई, सफाई कामगार नाहीतर पेशंटसोबत आलेलं शाळकरी पोर करतं. आशाताई जीव तोडून करतात, पण ते त्यांच्या मूळ कामाच्या वरचं ओझं असतं. आणि पोराला आईचं दुखणं सांगायला लावू नये. आई पोरासमोर खरं बोलत नाही आणि पोर अर्धंच सांगतं.

दुभाष्यानं पाळायचे नियम

• बोलणारा ‘मी’ म्हणाला तर दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. ‘तो म्हणतो की तो गेला होता’ असं सांगितलं की ‘तो’ नक्की कोण, याचा घोळ होतो.

• काही वाढवायचं नाही, काही गाळायचं नाही. शिवी दिली तर शिवी सांगायची. साक्षीदार अडखळला तर तेही कळलं पाहिजे.

• न कळलेला शब्द अंदाजानं सांगायचा नाही. कोर्टाची परवानगी घेऊन साक्षीदाराला पुन्हा विचारायचं. सुरुवातीच्या ‘मारलं’वर उपाय हाच: अर्थ दुभाष्यानं ठरवायचा नाही, विचारायचा.

• सल्ला द्यायचा नाही. ‘असं बोल, तसं बोलू नको’ हे वकिलाचं काम.

• ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. पारावर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, घरीही नाही. गाव लहान असतं, नाव न घेताही माणूस ओळखू येतो.

• ओळखीतला, नात्यातला किंवा आपला हितसंबंध असलेला मामला असेल तर आधीच सांगून बाजूला व्हायचं.

• चूक झाली तर लगेच सांगायची. लपवलेली चूक नोंदीत कायम राहते.

मुख्य दुभाष्यावर आणखी एक जबाबदारी असते, ती आपल्या माणसांच्या मनाची. अत्याचाराचा जबाब सांगताना दुभाष्याला ‘माझ्यावर’ असं म्हणावं लागतं. तो भार दिवसभर डोक्यात राहतो. अशा कामानंतर त्या माणसाला लगेच दुसऱ्या तसल्याच कामाला लावायचं नाही, हे मुख्य दुभाष्यानं बघायचं.

शिक्षण आणि संधी

खुणांची भाषा: दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली सुरू झालं. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा बारावीनंतर करता येतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था कर्णबधिरांसाठी काम करते, चौकशी तिथंही करता येईल. घरात कर्णबधिर माणूस असलेल्या पोरांना यात मोठी आघाडी असते.

परदेशी भाषा: चाकण-रांजणगाव पट्ट्यात जपानी, जर्मन, कोरियन कंपन्या आहेत. तिथं मशिन बसवताना, परदेशी इंजिनिअर आल्यावर दुभाषी लागतो. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवतात. जपानीच्या परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जातात, युरोपी भाषांच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत. खालच्या एक-दोन पायऱ्यांवर दुभाष्याचं काम होत नाही, हे आधीच समजून पैसे भरावेत. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्याला भाषा आली तर जास्त उपयोग, कारण यंत्राची माहिती असल्याशिवाय यंत्राबद्दल सांगता येत नाही.

संसद: लोकसभेत सोबत सांगायची सोय १९६४ पासून आहे. मराठीचाही समावेश झालेला आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, उर्दू आणि संस्कृत या सहा भाषा आणखी आल्या. तिथं पदव्युत्तर शिक्षण आणि कडक तोंडी चाचणी असते. गोंडी आणि भिली या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत.

भाषांतराचं शिक्षण: इग्नूचा भाषांतराचा पदव्युत्तर डिप्लोमा घरबसल्या करता येतो. तो हिंदी-इंग्रजीचा आहे, पण शब्दसूची कशी करायची, अर्थ कसा पकडायचा ही शिस्त लागते.

मुख्य दुभाषी व्हायची परीक्षा नाही. काही वर्षं काम करून, वेळेवर पोचून, तोंड बंद ठेवून नाव कमवावं लागतं. मग लोक म्हणतात, ‘तुम्हीच चार माणसं घेऊन या.’

पैसा आणि पोटापाण्याचा हिशेब

कायमची पगारी जागा थोडी. बरंचसं काम दिवसावर किंवा अर्ध्या दिवसावर असतं. एका महिन्यात दहा दिवस काम, पुढच्या महिन्यात एकही नाही, असं होऊ शकतं. म्हणून शेती, शिकवणी किंवा दुसरी नोकरी सांभाळून सुरुवात करणं शहाणपणाचं. काम घेण्याआधी दिवसाचा दर, प्रवासखर्च, जेवण, आणि तारीख ऐनवेळी पुढं ढकलली तर काय, या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. कोर्टात तारीख पुढं जाणं हे नित्याचंच. मुख्य दुभाष्यानं तर आपल्या माणसांचे पैसे किती दिवसांत मिळणार, हेही आधी विचारावं. पैसे अडकले की शिव्या त्यालाच बसतात.

मोबाईल आल्यावर दुभाषी कशाला?

हा प्रश्न येणारच. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ २०२२ पासून आहे. आदिवासी कार्य मंत्रालयानं २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ आणलं, त्यात गोंडी आणि भिलीही आहेत. बाजारात, प्रवासात, योजनेची माहिती वाचायला ही साधनं चांगलीच. पण मोबाईल शपथ घेत नाही. ‘मला कळलं नाही, पुन्हा विचारतो’ असं तो सहसा म्हणत नाही, काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो. चुकीची जबाबदारीही घेत नाही. जिथं माणसाचं स्वातंत्र्य किंवा जीव पणाला लागला आहे, तिथं जबाबदार माणूसच लागतो. उलट, या साधनांत शब्द बरोबर आहेत का हे तपासायलाही बोली जाणणारी माणसं लागतातच.

सुरुवात कुठून करायची?

१) जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन पोक्सोच्या नोंदवहीत नाव लावण्याबद्दल विचारा. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं असतो. अर्जाची पोच घ्या.

२) तालुका विधी सेवा समितीकडं विधी स्वयंसेवक होण्याची चौकशी करा. कोर्टाचं काम जवळून बघायला मिळतं.

३) घरच्या भाषेतले शब्द लिहायला लागा. शरीराचे भाग, दुखणी, नाती, जमीन, वेळ-दिवस, मापं. म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्या. हीच तुमची पहिली शब्दसूची.

४) रोज दहा मिनिटं रेडिओच्या बातम्या ऐकून लगेच दुसऱ्या भाषेत मोठ्यानं सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका. आकडे आणि नावं किती सुटतात ते मोजा.

आणि तुम्हालाच दुभाषी लागला तर?

आपण किंवा आपलं माणूस कोर्टात उभं असेल आणि भाषा कळत नसेल, तर वकिलामार्फत किंवा थेट न्यायाधीशांना ‘मला समजत नाही’ असं सांगा. यात लाज नाही आणि कोर्टाचा अपमानही नाही. न समजता मान हलवू नका. भाषा न कळणारा जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा करू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दुभाष्याची मागणी त्या वकिलाकरवी पहिल्याच तारखेला लेखी नोंदवा. साक्षी होऊन गेल्यावर केलेल्या मागणीचा उपयोग फार कमी होतो.